मदत हवी आहे : फिरत्या डोम कॅमेऱ्यात झोन कसे आखावेत?

नमस्कार. आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर फिरता डोम कॅमेरा, म्हणजेच पीटीझेड कॅमेरा, बसवला असून त्याचे झोन, म्हणजे त्याच्या फिरण्याच्या टप्प्यातले वेगवेगळे नाव दिलेले भाग, आखण्याचे काम माझ्याकडे आहे. कॅमेरा आडवा पूर्ण ३६० अंश फिरतो, त्यामुळे फाटक, वाहनतळ आणि मागची भिंत हे सारे त्याच्या टप्प्यात येते. पण फाटक आणि वाहनतळ यांच्या मध्ये शेजारच्या इमारतीच्या खिडक्याही येतात. त्या कोणालाही, अगदी पडद्यासमोर बसणाऱ्या पहारेकऱ्यालाही, दिसू नयेत असे मला मनापासून वाटते.

मेनूत जाऊन प्रत्येक झोनची डावी आणि उजवी सीमा ठरवली आहे, नावेही दिली आहेत, आणि कॅमेरा त्या भागात वळला की ते नाव पडद्यावर नीट उमटते. खिडक्यांच्या झोनला चित्र झाकण्याचा पर्याय दिल्यावर मात्र दोन अडचणी आल्या. झोनला फक्त आडव्या सीमा असल्यामुळे खिडक्यांखालचा, आमच्याच आवारातला रस्ताही काळा होतो, आणि नेमकी तिथूनच वाहने आत येतात. शिवाय झूम कमी असताना कॅमेऱ्याचा रोख फाटकाच्या झोनमध्ये असला, तरी चित्राच्या कडेला खिडक्या उघड दिसतात. सीमा आणखी रुंद केली, तर फाटकच झाकले जाते. झोन कायम ठेवून खिडक्या तेवढ्या झाकण्याचा मार्ग आहे का? कॅमेऱ्याची गस्त, म्हणजे ठरवलेल्या जागांवरून त्याचे आपोआप फिरणे, चालू असताना तो कितपत टिकतो?

प्रतिसाद :

आपली अडचण झोनच्या स्वभावातूनच आली आहे. कॅमेऱ्याचा रोख, म्हणजे चित्राचा मध्यबिंदू, कोणत्या सीमांमध्ये आहे त्यावरून झोन ठरतो. भिंगाला कडेला किती दिसते याचा त्यात विचार नसतो. म्हणून झोन नावांपुरते ठेवावेत आणि खिडक्यांसाठी प्रायव्हसी मास्क, म्हणजे चित्राचा ठरावीक भाग झाकणारा पट्टा, वापरावा. फिरत्या डोममध्ये हा मास्क आडव्या व उभ्या कोनांना बांधलेला असतो आणि झूमप्रमाणे लहानमोठा होतो, त्यामुळे खालचा रस्ता मोकळा राहील. मास्क कॅमेऱ्याच्याच मेनूत आखावा. रेकॉर्डरमध्ये आखलेला मास्क बहुधा चित्रातल्या एकाच जागी थांबून राहतो, आणि कॅमेरा वळला की खिडक्या त्याच्या बाहेर येतात.

कॅमेरा वेगाने फिरताना मास्क क्षणभर मागे पडू शकतो, म्हणून तो खिडक्यांपेक्षा थोडा मोठा ठेवावा आणि गस्तीचा वेग कमी करावा. गस्तीला खिडक्यांकडे वळायचे कारणच नसेल, तर त्या बाजूला एकही प्रीसेट, म्हणजे कॅमेऱ्यात साठवलेली थांबण्याची जागा, ठेवू नये. झूम पूर्ण कमी आणि पूर्ण जास्त अशा दोन्ही टोकांना तपासणी करावी. त्याआधी कॅमेऱ्याचा आधार घट्ट आवळून घ्यावा, कारण तो किंचित जरी फिरला तरी झोन आणि मास्क दोन्ही जागेवरून सरकतात.