मराठीत 'आहे' आलं की इंग्रजीत 'हॅव' लावायचं का?

तिरफळ

नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र आणि ऑफिसच्या काही मेल इंग्रजीत लिहिल्या होत्या. तपासणाऱ्याने खालच्या वाक्यांना लाल रेघ मारली, कारण मात्र लिहिलं नाही. शाळेतला नियम असा: मराठी वाक्याच्या शेवटी 'आहे' असेल तर हॅव किंवा हॅज, नुसतं 'केलं', 'गेलो' असेल तर साधा भूतकाळ, आणि 'होतं' असेल तर हॅड. त्या हिशेबाने पहिली चारही बरोबर वाटतात.

१. आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९.
२. आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे.
३. आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.
४. आय हॅड गॉन टू नागपूर लास्ट वीक.
५. डिड यू फिनिश द रिपोर्ट येट?

पाचवं माझं नाही, अमेरिकन क्लाएंटचं आहे. पुस्तकात 'येट'बरोबर हॅव हवं असं दिलंय. मग तोही चुकला का?

अर्धविराम

शाळेतला तो नियम भाषांतराच्या पेपरात निभावतो, बाहेर पावलोपावली फसवतो. कारण आपल्या 'केलं आहे'ला तारखेचं वावडं नाही. 'मी कालच फाइल पाठवली आहे', 'हे घर १९९८ साली बांधलं आहे' ही दोन्ही अस्सल मराठी वाक्यं. इंग्रजी 'हॅव सेंट' मात्र मुळात वर्तमानकाळाचं रूप आहे. प्रेझेंट परफेक्टमधला प्रेझेंट उगाच नाही. त्याच्या शेजारी संपलेली वेळ बसत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९, टू डेज अगो, व्हेन आय वॉज इन कॉलेज, यातलं काहीही वाक्यात आलं की हॅव काढायचं.

म्हणून पहिलं: 'आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९.' वर्ष गाळलंत तर 'आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम.' चालेल, म्हणजे पदवी आज हातात आहे. दुसऱ्याचंही तेच. 'आय हॅव सेंट द फाइल' म्हणजे फाइल तुमच्याकडे आली आहे, बघून घ्या. 'आय सेंट द फाइल यस्टरडे' म्हणजे कधी पाठवली त्याचा हिशेब. दोन्हींची खिचडी तेवढी नको. 'कधी'चा प्रश्नही याच वाटेने जातो. 'व्हेन हॅव यू सेंट इट?' नाही, 'व्हेन डिड यू सेंड इट?', कारण तो प्रश्न घडून गेलेला क्षणच मागतो.

वेळ लिहिलेली नसली तरी मनात असू शकते. 'डिड यू मीट हर ॲट द वेडिंग?' यात तारीख नाही, पण लग्न उरकलंय. माणूस हयात नसेल तर त्याने काय काय केलं हे सांगतानाही हॅज सहसा बसत नाही. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. हे वाक्य 'टिळक स्पेंट सिक्स इयर्स इन मंडाले' असंच होणार, वर्षं लिहा किंवा लिहू नका.

चौथ्याचं दुखणं वेगळं. आपलं 'गेलो होतो' म्हणजे जाऊन आलो, गोष्ट मागे पडली. इंग्रजी हॅडला दुसरी एक भूतकाळातली घटना लागते, जिच्या आधी ही घडली: 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड दादर.' गाडी आधी सुटली, आपण नंतर पोचलो. घटना एकटीच असेल तर 'आय वेंट टू नागपूर लास्ट वीक.' ऑफिसच्या मेलमध्ये सर्रास दिसणारं 'ॲज आय हॅड मेन्शन्ड इन माय अर्लिअर मेल' हे आपल्या 'म्हटलं होतं'चं शब्दशः भाषांतर. 'ॲज आय मेन्शन्ड' एवढं पुरतं.

खडूफळा

तिसऱ्या वाक्याबद्दल. मराठीत 'तीन वर्षांपासून काम करतोय' हा सरळ वर्तमानकाळ, म्हणून 'आय ॲम वर्किंग' हातून लिहिलं जातं. इंग्रजीत सुरुवात मागे झाली आणि काम आजही चालू असेल तर परफेक्ट लागतो: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.'

दुसरी चूक 'पासून'ची. 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' या दोन्हींत आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स (सिन्स मंडे, सिन्स २०२१), लांबी सांगायची तर फॉर (फॉर थ्री डेज). 'सिन्स थ्री इयर्स' म्हणूनच खटकतं. सिन्सनंतर छोटं वाक्य आलं आणि ते सुरुवात सांगत असेल, तर ते साध्या भूतकाळात: 'आय हॅव नोन हर सिन्स वी वर ॲट स्कूल.' याच वाक्यात आणखी एक बघा. नो, लाइक, बिलीव्ह यांसारखी क्रियापदं सहसा 'इंग' घेत नाहीत, म्हणून 'हॅव बीन नोइंग' होत नाही.

हॅव की हॅज यातही मराठी पाय ओढते. 'तिने पत्रं लिहिली आहेत' यात 'आहेत' अनेकवचनी आहे, कारण ते पत्रांकडे बघतं. इंग्रजी कर्त्याकडे बघते. पत्रं कितीही असोत, 'शी हॅज रिटन'. हॅवपुढे तिसरं रूपच येतं हे माहीत सगळ्यांना असतं, तरी बोलण्यात 'हॅव वेंट', 'हॅव सॉ' निसटतंच. गो, सी, डू, राइट, टेक, गिव्ह, इट, कम, रन यांची तिन्ही रूपं घोकावीच लागतात, दुसरा उपाय नाही.

पाणकावळा

'संपलेली वेळ' ही घड्याळावर ठरते, शब्दावर नाही, हे वर यायला हवं होतं. सकाळी अकराला 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' बरोबर. दुपारी चारला तेच 'आय हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' होतं, सकाळ संपली म्हणून. टुडे दोन्हींकडे चालतो, रीसेंटलीही.

सगळ्यात फसवा 'लास्ट'. 'लास्ट मंथ' म्हणजे कॅलेंडरवरचा मागचा महिना, संपलेला, तिथे साधा भूतकाळ. 'इन द लास्ट मंथ' म्हणजे आजपासून मागे मोजलेले तीसेक दिवस. हा काळ आजला चिकटलेला आहे, म्हणून तिथे बहुधा हॅव. एका 'इन द'ने काळ बदलतो.

बातमीची एक वेगळी चाल आहे. पहिलं वाक्य हॅज घेऊन येतं, तपशील साध्या भूतकाळात. सचिनचं शंभरावं आंतरराष्ट्रीय शतक १६ मार्च २०१२ ला मिरपूरला झालं. त्या दिवशीची बातमी अशी लिहिता येईल: 'सचिन हॅज स्कोअर्ड हिज हंड्रेड्थ इंटरनॅशनल सेंचुरी. ही रीच्ड इट अगेन्स्ट बांगलादेश इन मिरपूर.' घोषणा आजची, धावा कुठे आणि कशा झाल्या ते घडून गेलेलं. प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहितानाही हीच चाल उपयोगी: आधी 'वी हॅव फिनिश्ड फेज वन', मग 'टेस्टिंग टुक नाइन डेज'.

तिरफळ

बरंच उलगडलं. पण आता उलटी शंका. 'आई झोपली आहे' यात तारीख नाही, काही नाही. मग 'माय मदर हॅज स्लेप्ट' का चुकतं? आणि 'मी दिल्लीला दोनदा गेलो आहे'चं 'हॅव गॉन'?

अर्धविराम

इथे आपलं 'आहे' तिसरंच काम करतं. झोपण्याची क्रिया झाली हे सांगत नाही, ती आत्ता कोणत्या अवस्थेत आहे ते सांगतं. ओळखायची खूण सोपी: 'आई काय करतेय?' या प्रश्नाला 'झोपली आहे' हे उत्तर बसतं. 'तू काय करतोयस?' याला 'फाइल पाठवली आहे' हे उत्तर बसत नाही. पहिल्या जातीच्या वाक्यांना इंग्रजीत हॅव नकोच: 'शी इज स्लीपिंग' किंवा 'अस्लीप'. 'बसली आहे' म्हणजे 'इज सिटिंग', 'उभा राहिला आहे' म्हणजे 'इज स्टँडिंग'. 'काय होतंय?'च्या उत्तरांचंही तसंच: 'भूक लागली आहे' म्हणजे 'आय ॲम हंग्री'. 'ताप आला आहे'चं 'शी हॅज अ फीवर' होतं, पण तो हॅज ताप 'असण्याचा' आहे, त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप नाही.

उलट दिशेचेही खड्डे आहेत. हाक मारल्यावर आपण 'आलो!' म्हणतो तेव्हा भूतकाळाचं रूप असून अजून जागचे हललेलोही नसतो. ते इंग्रजीत 'कमिंग!' 'समजलं'चं बहुतेक वेळा 'आय अंडरस्टँड'.

गॉन म्हणजे गेला तो अजून तिकडेच. 'ही हॅज गॉन टू पुणे', टेबल रिकामं. जाऊन परत आलेल्याला बीन: 'आय हॅव बीन टू दिल्ली ट्वाइस.' 'आय हॅव गॉन' असं समोर बसून सांगणारा माणूस थोडा गमतीशीर दिसतो.

पाणकावळा

पाचवं वाक्य राहिलं. तुमचा क्लाएंट चुकलेला नाही. जस्ट, ऑलरेडी, येट यांच्याबरोबर अमेरिकन लोक साधा भूतकाळ बिनदिक्कत वापरतात: 'आय ऑलरेडी एट', 'डिड यू फिनिश येट?' ब्रिटिश वळण 'हॅव यू फिनिश्ड येट?' हे अमेरिकेतही शुद्धच, म्हणून शंका असेल तिथे हॅव लिहिलेलं बरं. मात्र 'हॅव सेंट यस्टरडे' दोन्ही किनाऱ्यांवर चूक. ते अमेरिकन म्हणून खपवता येत नाही.

खडूफळा

आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतल्या तोंडी परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी एक सवय. प्रश्न 'हॅव यू एव्हर...' असा आला की पहिलं उत्तर त्याच काळात आणि लगेच सांधा बदलायचा: 'येस, आय हॅव. आय वेंट देअर इन २०१७ विथ माय कझिन्स. वी स्टेड फॉर फोर डेज.' बरेच जण पुढची सगळी हकीकत हॅव, हॅव करत सांगतात आणि तिथे गुण जातात. त्या परीक्षेत चार निकष असतात, चौघांचं वजन सारखं, आणि व्याकरण त्यातला एक.

ऐकतानाही जपा. 'आय हॅव सेंट'चं बोलण्यात 'आय'व्ह सेंट' होतं आणि तो 'व्ह' ओठांतच विरतो. सेंटचं दुसरं आणि तिसरं रूप एकच असल्यामुळे कानाला साधा भूतकाळच ऐकू येतो. समोरचा वेळ सांगतोय का, तेवढं ऐकलं तरी उलगडा होतो.

तिरफळ

सगळ्यांचे आभार. दुरुस्त केलेली वाक्यं टाकते, एकदा नजर फिरवा: 'आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९. आय सेंट द फाइल यस्टरडे. आय वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स. आय वेंट टू नागपूर लास्ट वीक.'

अर्धविराम

तिसऱ्यात आता लंबक दुसऱ्या टोकाला गेला. व्याकरण शुद्ध आहे, पण वाचणारा समजेल की तुम्ही तिथली नोकरी सोडलीत. अजून तिथेच असाल तर 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' किंवा खडूफळा यांनी दिलेलं 'हॅव बीन वर्किंग'. राजीनामा देऊन झाला असेल तर लिहिलंय तसंच ठेवा, फक्त 'हिअर' काढून कंपनीचं नाव घाला.