आबांचं क्रिएटिनिन ६.८ आलंय, शुगर नाही, मग किडनी गेली कशी?

ऊसवाला शिरोळ
नमस्कार मंडळी. वडील (आम्ही आबा म्हणतो), वय ५८, ऊस आणि दोन म्हशी. महिनाभर भूक नाही, सकाळी उठलं की ओकारी, पायांना सूज. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीनं गाळून टाकायचा कचरा, ती बिघडली की रक्तात वाढतो) ६.८, युरिया १४२, हिमोग्लोबिन ७.४. शुगर कधीच नव्हती. बीपी १७०/१०० आलं, आधी कधी मोजलंच नव्हतं. कोल्हापुरात किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, सोनोग्राफी करून उद्या या आणि डायलिसिसची मनाची तयारी ठेवा.
घरात तीन तऱ्हा. चुलते म्हणतात पंचगंगेच्या पाण्यानं आणि फवारणीच्या औषधानं झालं. आई म्हणते एकदा मशीनला लावलं की माणूस मशीनचाच झाला, नकोच ते. मेव्हणे काढ्याचा पत्ता घेऊन बसलेत. एकदा सुरू केलं की कायमचंच असतं का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

निसर्गप्रेमी
डायलिसिस अजिबात करू नका. आमच्या ओळखीचे एक वैद्य भस्माच्या पुड्या देतात. पाहुण्यांचं क्रिएटिनिन ९ वरून २ वर आलं. निरोप पाठवा, नंबर देतो.

मशीनवाला मामा
भावा, मी कोल्हापुरात डायलिसिस टेक्निशियन आहे, या मशीनांच्या आवाजात केस पिकले. डॉक्टर नाही, तेव्हा औषधं सांगणार नाही. पण वरच्या पुड्यांचं आधी सांगतो. काही भस्मांत पारा आणि शिसं असतं, आणि दोन्ही किडनीवरच बसतात. पाहुण्यांचं ९ वरून २ झालं असेल तर ते पुड्यांनी नव्हे, त्यांचा आजार बरा होण्यातलाच होता म्हणून.

आणि तुझा खरा प्रश्न तोच आहे. कायमचं का तात्पुरतं, हे ६.८ या आकड्यावरून कळत नाही. अचानक आलंय का आत जुनं मुरलंय, ते बघायला लागतं.

अचानक येणारे आपल्याकडं लई. पूर ओसरला की लेप्टोचे पेशंट यायला लागतात. उंदराच्या लघवीनं खराब झालेल्या पाण्यात, चिखलात उघड्या जखमेनिशी उतरलेली माणसं. डोळे पिवळे, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. उसात घोणस चावली तरी किडनी बंद पडते. तिथं डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेले, मलेरियावाले, तेही यातच. यातले बरेचजण थोडे दिवस मशीनवर असतात, मग लघवी सुटते आणि चालत घरी जातात. त्या वेळी 'मशीन नको' म्हणून अडून बसणं म्हणजे बरा होणारा माणूस घालवणं. आईंना हे नीट सांग.

आता आबांचं. सोनोग्राफीच्या कागदावर किडनीची लांबी लिहिलेली असते. मोठ्या माणसाची साधारण ९ ते १२ सेंटिमीटर. ७-८ वर आली असेल तर दुखणं जुनं. (शुगरवाल्यांची आणि पाण्याच्या गाठी असलेल्यांची जुन्या आजारातही मोठी दिसू शकते, ते वेगळं.) मला हिमोग्लोबिन बघून जुनंच वाटतंय. रक्त तयार करायचा हुकूम किडनीकडून सुटतो, ती थकली की रक्त उतरतं. नुसत्या पालेभाज्या खाऊन ते चढत नाही, इंजेक्शनं लागतात.

कशानं झालं? न मोजलेलं बीपी हे मोठं कारण, त्याची काही जाणीव होत नाही. पण किडनी बिघडली तरी बीपी चढतं, त्यामुळं आधी कोण ते आता सांगणं अवघड. मुतखड्यानं वाट अडली होती का, तेही सोनोग्राफीत दिसेल. आणि आबांना शांतपणे विचार, गुडघ्याला-कंबरेला काय घेत होते. उन्हात दिवसभर राबायचं, पाणी कमी प्यायचं आणि रात्री मेडिकलमधनं सुटी डायक्लोफिनॅक, म्हणजे किडनीला बाधणारी दुखण्याची गोळी, घेऊन झोपायचं, हे वर्षानुवर्षं चालतं आपल्याकडं.

चुलत्यांची शंका अगदीच वावगी नाही. आंध्रात उद्दानम भागात, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात शुगर-बीपी नसलेल्या शेतकऱ्यांच्या किडन्या गेल्यात. पाणी, औषधं सगळं तपासलं, तरी एकच एक कारण सिद्ध झालेलं नाही. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये तर तरुण ऊसतोड कामगारच यात सापडले. तिथं ऊन आणि अंग सुकणं यावर जास्त बोट ठेवलं जातं. पाणी, सावली आणि मधली विश्रांती वाढवल्यावर त्रास कमी झाला. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्यांचं क्रिएटिनिन कोण बघतंय?

पैशाचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार घेऊन आधी तिथं जा, मग बिलाच्या खिडकीकडं.

शेवटचं, आणि हे आजपासूनच. आबांच्या डाव्या हातातनं रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन लावू द्यायचं नाही. डायलिसिस ठरलंच तर त्या हातात फिस्टुला होणार, म्हणजे शीर आणि धमनी जोडणार. ती शीर फुगून सुईजोगी व्हायला दीड-दोन महिने जातात. लोक धाप लागेपर्यंत थांबतात, मग मानेत नळी घालावी लागते आणि तिच्यातनं जंतुसंसर्ग होतो.

वाडीची सून
मामांनी सगळं सांगितलंच आहे, मी घरातलं सांगते. माझ्या मालकांचं डायलिसिस चालू आहे. बघायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ते वाढलं की थेट हृदय थांबतं. शहाळी दारातच काढून घ्या आणि मुलांना द्या. भाजी चिरून उकळा, ते पाणी ओतून द्या, मग फोडणी. तांबडा-पांढरा रस्सा म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही, आमच्याकडं वाटीभरावरनं भांडणं होतात.
तुम्ही शिरोळचे, म्हणून पुराचं मुद्दाम सांगते. २०१९ ला हायवेसुद्धा बंद होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आम्ही ३९ ची वाट बघत नाही, पाणी चढायला लागलं की कोल्हापुरात नणंदेकडं. पोटातून करायचं डायलिसिसही असतं, घरीच पिशव्या बदलायच्या, पण स्वच्छता फार कडक पाळावी लागते. डॉक्टरांना विचारून बघा.
आणि आबांचं वय काही जास्त नाही, किडनी बसवण्याचंही विचारा. घरातलं जवळचं कुणी देऊ शकतं. नाहीतर पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृतांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव लागतं, दवाखान्यामार्फत. आमचं लागलंय.

ऊसवाला शिरोळ
सोनोग्राफी झाली. उजवी ७.६, डावी ७.९. म्हणजे जुनंच. डायक्लोफिनॅकच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी गोठ्यात सापडली, आबा काही बोलले नाहीत. आईला मामांचं सगळं वाचून दाखवलं, तयार झाली. गुरुवारी फिस्टुला. आबांचा एकच प्रश्न आहे, त्या हातानं म्हशीची धार काढता येईल का?

मशीनवाला मामा
जखम पूर्ण भरेपर्यंत गोठ्यात जायचं नाही. नंतर सर्जनला विचारून खुशाल काढू देत. शीर फुगावी म्हणून बाकीच्यांना आम्ही चेंडू दाबायला देतो, आबांना म्हैस आहे. घागर, पोतं मात्र त्या हातानं नाही, त्या अंगावर झोपायचं नाही. आणि बीपीचा पट्टा कुणी त्या हाताला बांधायला लागलं तर सरळ हात काढून घ्यायचा, समोर डॉक्टर असला तरी.