विषय: ओढ्यावरचा वीजसंच – आधी कोरड्या महिन्यातलं पाणी मोजा

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या निधीतून ज्या डोंगरवस्तीला वीज द्यायची आहे तिथली माहिती हाती आली. तीस घरं आणि एक शाळा. वस्तीच्या वर बारमाही ओढा आहे, उतारही चांगला. पुरवठादाराने पावसाळ्यातला प्रवाह धरून १० किलोवॉटचा संच सुचवला आहे. बैठकीआधी जाणकारांनी मत कळवावं.

---

उत्तर:

ताई, १० किलोवॉटचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. ओढ्यावरचा संच वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यातल्या पाण्यावर ठरवायचा असतो. पावसाळ्याच्या हिशोबाने घेतलेला संच पाणी आटलं की अडखळतो. त्यात उलटा चालवलेला पंप टर्बाइन (पाण्याच्या जोरावर जनित्र फिरवणारं चक्र) म्हणून बसवला असेल तर कमी पाण्यावर जवळजवळ काहीच मिळत नाही.

पाणी मोजायला ओढ्यात आडवी फळी लावून तिला ९० अंशांची व्ही आकाराची खाच पाडायची. फळीच्या खालून आणि बाजूंनी गळती राहू नये म्हणून चिकणमाती ठासून भरा. पाण्याची उंची खाचेपाशी घेऊ नका, तिथे पाणी खाली ओढलेलं असतं. फळीच्या मागे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला मीटरभर अंतरावर खुंटी ठोका आणि खाचेच्या तळाच्या पातळीपासून उंची मोजा. १५ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला १२ लिटर, २० म्हणजे २५ लिटर, २२ म्हणजे ३१ लिटर. दोन सेंटिमीटरची चूक किती महाग पडते ते यावरून दिसेल.

पाणी किती मीटर खाली पडणार हे पारदर्शक नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्याने मोजता येतं. मग सेकंदाचे लिटर गुणिले पडण्याचे मीटर गुणिले ५, म्हणजे मिळणारे वॉट. पाइप, टर्बाइन आणि जनित्रातली घट यात धरलेली आहे. कोरड्या महिन्यात ३१ लिटर भरले, त्यातले सहा ओढ्याला सोडले आणि उंची २० मीटर असेल, तर २,५०० वॉट. एवढ्यात तीस घरांचे दिवे, मोबाइल, रेडिओ नीट भागतात.

---

उत्तर:

काका, आभार. दोन शंका आहेत. पाइप १२० मीटर लागेल. १६० मिमीऐवजी ११० मिमीचा घेतला तर बराच खर्च वाचतो, चालेल का? आणि घरटी वीज वाटायची कशी?

---

उत्तर:

११० मिमी मुळीच घेऊ नका. २५ लिटर प्रवाहाला १२० मीटर लांबीत त्या पाइपमध्ये घर्षणाने आठेक मीटर उंची वाया जाते, म्हणजे २० मीटरपैकी १२च उरतात. १६० मिमीत हीच घट सव्वा-दीड मीटर. पाइपमध्ये वाचवलेला पैसा मग रोज वीज कमी देत राहतो.

पाइप जमिनीत पुरा, उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं. पाइपच्या तोंडाशी असलेल्या वरच्या टाकीतून निघाल्यावर झडपेच्या लगेच पुढे हवानळी हवीच. टाकीतली जाळी पानांनी तुंबली आणि हवानळी नसली, तर आत पोकळी तयार होऊन पाइप चपटा होतो. खालची झडप सावकाश बंद करायची. झटक्यात केली तर पाण्याचा दणका सांधे उखडतो. टाकीच्या आधी गाळटाकी बांधा. एक मीटर रुंदी आणि अर्धा मीटर खोल पाणी ठेवलं तर वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरवर येतो आणि वाळू खाली बसते. वाळू टर्बाइनची पाती घासून खाते, म्हणून तळाशी गाळ सोडायचं दार ठेवा.

वाटपाचं बघू. २,५०० वॉट २३० व्होल्टला म्हणजे ११ अँपिअर. वस्ती ६०० मीटरवर असेल तर १६ चौरस मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या तारेत २३ व्होल्ट उतरतात. ३५ चौरस मिमी घेतली तर साधारण ११. तीच घ्या.

घरटी ७५ वॉटचा वाटा ठरतो. अर्ध्या अँपिअरचा एमसीबी (जादा वीज ओढली की आपोआप बंद होणारा स्विच) ११५ वॉटपर्यंत सोडतो. सगळ्यांनी एका वेळी तेवढी ओढली तर बेरीज साडेतीन किलोवॉटजवळ जाते आणि व्होल्टेज कोसळतं. त्यापेक्षा ७५ वॉटला तोडणारा इलेक्ट्रॉनिक लिमिटर घ्या आणि तो घरात नाही, खांबावर कुलूपबंद पेटीत बसवा. इस्त्री किंवा हॉटप्लेट एका घरात लागली की अख्ख्या वस्तीचे दिवे मंदावतात, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. दिवसा घरांचा वापर कमी असतो. तेव्हा दीड किलोवॉटची पिठाची गिरणी चालवा, तिच्या उत्पन्नातून यंत्रचालकाचा पगार निघू शकतो.

लोड कंट्रोलरवर काटकसर करू नका. दिवे बंद झाले की उरलेली वीज तो पाण्यातल्या हीटरमध्ये जिरवतो. हीटरची क्षमता जनित्रापेक्षा किमान १५ टक्के जास्त असावी आणि ते कायम पाण्यात बुडलेले असावेत. कोरडे पडले की जळतात, टर्बाइनचा वेग सुटतो, व्होल्टेज चढतं आणि घराघरांतले दिवे, चार्जर एका रात्रीत जातात. म्हणून जादा व्होल्टेजला लाइन तोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) वेगळा लावा.

बेअरिंगचे दोन जोड, एक पट्टा आणि हीटरचे जादा एलिमेंट संचासोबतच मागवा. पण मागणी नोंदवण्याआधी तिथल्या शिक्षकांना खाचेची फळी लावायला सांगा आणि कोरडा मोसम संपेपर्यंत दर आठवड्याचं माप मागवून घ्या. पुरवठादाराला द्यायचा आकडा त्यातल्या सर्वांत कमी मापावरून काढा.