मदत हवी आहे: १२६० दिवस म्हणजे नेमके किती?

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमच्या घरगुती बायबल अभ्यासात प्रकटीकरण (बायबलचं शेवटचं पुस्तक) चालू आहे आणि गाडी ११व्या अध्यायावर अडली आहे. ४२ महिने, १२६० दिवस, पुढे १२व्या अध्यायात साडेतीन काळ (म्हणजे साडेतीन वर्षं). महिना ३० दिवसांचा धरला की तिन्ही एकच, इथवर ठीक. पण वाशीहून येणारे काका यहेज्केल ४:६ (‘एका दिवसाबद्दल एक वर्ष’) दाखवून दिवसाचं वर्ष करतात, म्हणजे थेट १२६० वर्षं! मला तर हा सात या पूर्णत्वाच्या आकड्याचा अर्धा, म्हणजे छळाचा पण मोजका काळ वाटतो. दानीएल ७:२५ मध्येही तोच सूर आहे. मग दानीएल १२ मधले १२९० आणि १३३५ दिवस कुठे बसवायचे? यरुशलेमचं मंदिर विटाळणाऱ्या अंतिओखस राजाच्या काळाशी (इ.स.पू. १६७) ते जोडावेत का? मराठीतलं चांगलं भाष्य असेल तर तेही सुचवा. रविवारी काका विचारणारच.