बिल्डरने पझेशनची तारीख वाढवायच्या पत्रावर सही मागितलीय, वकिलाकडे आत्ताच जाऊ का?

कांजूरची_सून:
नमस्कार मंडळी. भांडुपला टू बीएचके बुक केलाय, मिस्टर आणि मी दोघांच्या नावावर, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालंय, त्यात पझेशन ३१ डिसेंबर २०२४ लिहिलंय. अजून ओसी, म्हणजे पालिकेचा राहायला परवानगीचा दाखला, नाही. इथे भाडं पण चालू आणि ईएमआय पण चालू, महिना कसा काढतो आमचं आम्हाला माहीत. आता सेल्स ऑफिसमधून ५०० च्या स्टॅम्प पेपरवर पत्र आलंय, दोघांनी सही करून द्या म्हणतात, म्हणजे "रेकॉर्ड अपडेट होईल". सासरे म्हणतात वकिलाच्या नादी लागलं की बिल्डर चिडतो, थोडं थांबा. काय करू?

मुलुंड_ईस्ट:
ताई सही करू नका, आधी पत्राचा शेवटचा पॅरा वाचा. आम्हाला आलेल्या पत्रात पहिलं पान सगळं गोड गोड, कोविड, परवानग्या वगैरे, आणि खाली एक ओळ होती की नवी तारीख मान्य आहे आणि उशिराबद्दल कुठलाही क्लेम करणार नाही. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या, कलम १८ प्रमाणे उशीर झाला तर पैसे व्याजासकट परत मागता येतात, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं, महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआरच्या (बँकेचा कर्जाचा मूळ दर) वर २ टक्के. ते सगळं त्या एका ओळीत सोडून द्यायला सांगत होते. आणि महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर बिल्डरने तारीख पुढे ढकलली म्हणजे तुमची पण ढकलली असं नाही, धरायची ती अ‍ॅग्रीमेंटमधलीच, हायकोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय. फक्त ग्रेस पिरियड, म्हणजे तारखेनंतरची जादा मुदत, लिहिलाय का तेवढं बघा.

परळचा_बाळ:
सासऱ्यांचा मान राखून सांगतो, थांबू नका. माझा रिसेलचा मामला होता, दादरला वन आरके, टोकन दिलं, एका साध्या कागदावर सह्या, मग मालकाने फोनवर सांगितलं विकायचं नाही. मी आज समजावू उद्या समजावू करत दोन वर्षं घालवली. वकिलांचा पहिला प्रश्न काय, तर "नाही कुठल्या तारखेला म्हणाला? लेखी आहे?" काहीच नव्हतं माझ्याकडे. करार पाळायला लावायचा दावा तीन वर्षांत टाकावा लागतो आणि ती मुदत ठरलेल्या तारखेपासून, तारीखच नसेल तर नकार कळल्यापासून मोजतात, हे मला तिथे बसल्यावर कळलं. टोकन कसंबसं सुटलं, घर गेलंच. त्याच आठवड्यात एक नोटीस गेली असती तर आज मी दादरला असतो, अजून झोप लागत नाही कधी कधी.

कोर्टातला_क्लार्क:
वकिलाच्या ऑफिसात बारा वर्षं आहे म्हणून लिहितो. महारेराची तक्रार ऑनलाइन स्वतः टाकता येते, फी ५,००० रुपये, आधी समेट करायचा असेल तर सलोखा मंच पण आहे. पण सही मागणारा कागद आला, बुकिंग कॅन्सलची धमकी आली, ओसी नसताना "फिटआउटसाठी (आतल्या फर्निचरच्या कामासाठी) चावी घ्या" म्हणाले, किंवा अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर न करता घराच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या वर पैसे मागितले, तर आधी वकील आणि मग उत्तर. जाताना अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), पावत्या, डिमांड लेटर (बिल्डरची पैसे मागणारी पत्रं) आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज तारखेप्रमाणे लावून न्या, निम्मा वेळ वाचतो. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि रागाच्या भरात ईएमआय बंद करू नका, बँकेचं देणं वेगळं असतं.

कांजूरची_सून:
पत्र परत वाचलं. शेवटच्या पॅरात तीच ओळ आहे, "कोणतीही हरकत अथवा मागणी राहणार नाही". मिस्टरांनी रविवारी सही करून ठेवलीय, माझी बाकी आहे. आता?

कोर्टातला_क्लार्क:
पत्र घरात आहे की ऑफिसात दिलं?

कांजूरची_सून:
घरात, कपाटात.

कोर्टातला_क्लार्क:
मग तिथेच राहू दे. फोटो पण पाठवू नका कुणाला. ओरिजिनल घेऊन उद्याच वकिलांकडे जा, मिस्टरांना सोबत न्या, आणि ऑफिसातून फोन आला तर "कागद वाचायला दिलेत, लेखी उत्तर देऊ" एवढंच बोला.