मदत हवी आहे: कोकणात पॅनेलचं घर, वाळवी आणि सांधे

संगमेश्वरजवळ 800 चौरस फुटांचं बैठं घर बांधतोय. भिंतींना 100 मिमी थर्मोकोलच्या गाभ्याचे पॅनेल. ओएसबीचे (लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या बोर्डाचे) पॅनेल पाऊस आणि वाळवी पाहून बाद केले. दोन्ही अंगांना सिमेंट फायबर बोर्ड असलेले घेतोय. जोतं जांभ्याचं, दोन फूट उंच, वाळवीची फवारणी झालेली. छप्पर चारी बाजूंनी तीन फूट पुढे काढणार आहे. फक्त एका खोलीत एसी. ट्रक घरापर्यंत येत नाही, त्यामुळे क्रेन नाही.

वाळवी थर्मोकोल खात नाही, पण पोखरून वर चढते. जांभाही पाणी ओढतो. पावसाळ्यात हात लावला तरी ओल लागते. म्हणून जोत्यावर डांबरी फेल्ट, वर कडा खाली वळवलेला अखंड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा असा विचार आहे. पुरवठादार बाष्परोधक प्लास्टिक आतून लावा म्हणतो. ते थंड प्रदेशात ठीक. इथे एसी लावल्यावर बाहेरची दमट हवा आत शिरेल आणि ओल भिंतीतच अडकेल, असं मला ठामपणे वाटतं. दोन-तीन पुरवठादारांना विचारलं, पॅनेलच्या सांध्यांबद्दल प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

कोकणातले पावसाळे काढलेलं असं घर कुणाचं आहे का? सांध्यांत पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरला की सीलंट, बाहेरून जाळीपट्टी लावली का, आणि पत्र्याचे जोड कसे बंद केले?