नारायण पेठेतल्या वाड्याचं दुकान, आधी नक्की कशाकशाचं होतं?

पेठेतला_धाकटा:
आमचा वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय, त्यामुळे रस्त्याकडचं दुकान मागच्या आठवड्यात रिकामं झालं. शेवटी मोबाईल कव्हर आणि स्क्रीनगार्डचं होतं. त्याचं प्लायवूड निघालं आणि मागे काय काय दिसायला लागलं, तुळईला मधोमध एक जाड लोखंडी कडी, बाजूला ओळीने आठ-नऊ हुक, फरशीत कापलेले चार बोल्ट आणि दगडी उंबऱ्यात लांबच लांब खाच. आजोबा किराणा म्हणायचे, आत्या म्हणते सायकली, काका म्हणतो गिरणी, मला स्वतःला फक्त एसटीडी आठवतंय. खरं कोण? पाडायच्या आधी लिहून ठेवायचंय.

जुना_सायकलवाला:
सगळेच खरे असतील की. खाच फळ्यांची, शटर फार नंतर आली. फळ्यांवर आकडे घातलेले असायचे, एक जरी मागेपुढे झाली की शेवटची बसायची नाही आणि दुकानदार पोराला शिव्या घालत सगळ्या परत काढायचा. कडी धान्याच्या मोठ्या तराजूची. हुक आमचे, म्हणजे सायकली टांगायचे. तासावर सायकल द्यायचो तेव्हा, अख्खं पुणं सायकलवर होतं.

मीठभाकर:
बोल्ट गिरणीचेच, मोटारीच्या पायाचे. माळ्याच्या सांध्यात बोट घालून बघ, पीठ निघतं का.

पेठेतला_धाकटा:
आईशप्पथ निघालं! मी चुना समजत होतो.

पूररेषा:
आत्याला पानशेतचं विचार. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. भिंतीचा रंग खरवडलात तर ओलीची रेघ सापडेलही.

पेठेतला_धाकटा:
विचारलं. ती सहा वर्षांची होती, म्हणते भिजलेल्या तांदळा-डाळीचा आंबूस वास कितीतरी दिवस जात नव्हता, मग तिथे सायकली आल्या. म्हणजे किराणा पुरातच गेला.

कोर्टाचीपायरी:
कागद हवे असतील तर प्रॉपर्टी कार्डावर मालक कळेल, धंदा नाही. धंद्यासाठी दुकानदाराकडचं गुमास्ता लायसन आणि तुमच्याकडच्या जुन्या भाडेपावत्या बघा. माझा अंदाज, धंदे पाच पण भाडेकरू एकच. पेठेत पागडीचं दुकान सोडतं कोण? भाडं गोठलेलं, मग धंदा बुडाला तरी माणूस जागा धरून दुसरं काहीतरी सुरू करतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतरही जुनी दुकानं अशीच चालू राहिली. (मालकांचे हाल आहेत, पण तो वेगळा धागा होईल.)

पेठेतला_धाकटा:
बरोब्बर! पावत्यांवर आडनाव एकच आहे. भाडं शेवटपर्यंत ८५ रुपये, यावर बाबांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

रात्री_दहानंतर:
एसटीडीचं कुणी बोलेना. रात्री उशिरा दर उतरायचे म्हणून तिथेच कुठेतरी मी रांगेत उभा असायचो, काचेच्या खोक्यात घाम यायचा आणि डोळा सगळा मीटरच्या लाल आकड्यांवर. आई काय बोलली ते अर्धं ऐकूच यायचं नाही.

पेठेतला_धाकटा:
अपडेट. मोबाईलवाला काल किल्ली द्यायला आला, त्याला हा धागा वाचून दाखवला. तुळईकडे बघत म्हणाला, आजोबांचा तराजू अजून आमच्या माळ्यावर आहे, कडी नेऊ का? नेऊ दे म्हटलं. आता ती निघत नाहीये, गॅस कटर आणायला गेलाय.